पाया खणताना खड्ड्यात कोण आहे?



आजचं चिंतन संत बहिणाबाईंच्या त्या अभंगावर, ज्यात त्या संतांच्या परंपरेला इमारत म्हणतात. (तुकोबांच्या शिष्या बहिणाबाई. जळगावच्या कवयित्री वेगळ्या.) ज्ञानदेव पाया आणि तुकोबा कळस, हे आपल्याला पाठच असतं. पण त्या अभंगात एक नाव नाही आणि सध्या मला तेच जास्त आठवतंय: चोखोबा.

चोखोबा खऱ्याखुऱ्या बांधकामावर गेले. मंगळवेढ्याचं गावकूस बांधताना ते कोसळलं आणि इतर मजुरांबरोबर तेही त्याखाली गाडले गेले. साल १३३८ सांगतात. ज्या हाडांतून विठ्ठलनाम ऐकू आलं ती चोखोबांची, अशी ओळख नामदेवांना पटली, असं परंपरा सांगते. त्यांची समाधी पंढरपूरला महाद्वारासमोर आहे.

मला या कथेत एकच गोष्ट टोचते. बाकीची हाडं कुणाची होती?

हे आत्ताच आठवायचं कारण घरचं आहे. मंगळवेढा तालुक्यातच आमच्या नव्या घराचा पाया खणला. जमीन काळी. ज्वारीला सोनं, पण घराला वैरी. पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. म्हणून मुरूम लागेपर्यंत खाली जावं लागतं. आमच्याकडे तो ७ फुटांवर लागला. म्हणजे आत उतरलेला माणूस डोक्यासकट दिसेनासा होतो. काळी माती कापली की भिंतीसारखी सरळ उभी राहते आणि तिथेच फसवते. एखादी सर आली की कड अचानक सुटते. १ घनमीटर माती दीड टनाच्या आसपास भरते, छोट्या कारपेक्षा जड.

उपाय साधा आहे. कडा उतरत्या कापायच्या किंवा फळ्या-बल्ल्यांचा आधार द्यायचा, आणि निघालेली माती काठावर न रचता लांब टाकायची. पण त्याला जेसीबीचे तास वाढतात. काका म्हणाले, "दोन दिवसांचं तर काम. आणि भूमिपूजन यथासांग केलंय की आपण!"

भूमिपूजनात आपण धरणीमातेची क्षमा मागतो, पायात चांदीचा नाग ठेवतो. मला ते मनापासून आवडतं. पण खाली उतरणाऱ्याची जोखीम त्या पूजेने मिटते का? मला नाही वाटत. घर आपलं, जोखीम त्याची, आणि हजेरी तेवढीच. "तो स्वतःहून उतरतो" हेही ऐकलं. हजेरी बुडू नये म्हणून उतरणाऱ्याच्या होकाराला मी संमती म्हणू शकत नाही. आमच्या ऑफिसात रिलीज फसली तर रोलबॅक करता येतो. इथे काय करणार?

बाबा वाद घालत बसले नाहीत. पायाभरणीच्या जेवणाचा मंडप रद्द केला आणि ते पैसे जेसीबीकडे वळवले. कडा उतरत्या कापल्या, माती लांब टाकली. काकांना तो खर्च अजून पटलेला नाही. त्यांच्या मते काही झालंच नसतं. कदाचित नसतंही झालं.

राम कृष्ण हरी.