बॅरिस्टरचे हात

चिखली तालुक्यातल्या उंद्रीत कोणी चांगली नोकरी सोडून म्हणाला, ‘आता मी मालीश शिकतो,’ तर पारावर हसू फुटेल. एवढं शिकून लोकांचे पाय चेपणार?

पण आपल्याच विदर्भात, वर्ध्याजवळ सेवाग्रामला, विलायतेत शिकलेला एक बॅरिस्टर कुष्ठरोग झालेल्या परचुरे शास्त्रींच्या अंगाला स्वतःच्या हातांनी मालीश करत असे. संस्कृतचे हे पंडित १९३९ च्या सुमारास आश्रमात आले. तेव्हा अशा रोग्याच्या वाऱ्यालाही कोणी उभं राहत नसे. या बॅरिस्टरने, म्हणजे गांधीजींनी, मात्र त्यांना आपल्या कुटीजवळच झोपडी दिली. वकिली तर गांधीजींनी केव्हाच सोडली होती आणि चेपण्याची सवय जुनी होती. राजकोटला पोरवयात ते रोज रात्री वडिलांचे पाय चेपत.

मग मालीश शिकायची लाज कशाला? उंद्रीत सोयाबीन सोंगून कंबर धरलेली माणसं घरोघरी आहेत, तेव्हा शिकणाऱ्याला गिऱ्हाइकांची ददात नाही. फक्त एवढं आधी शिकावं: मुका मार कुठला आणि मोडलेलं हाड कुठलं. हाडाची शंका आली, की तेलाची वाटी बाजूला ठेवून सरळ दवाखान्याची वाट दाखवायची.