अष्टावक्राचे उत्तर

अष्टावक्र जनकराजाच्या दारी गेला तेव्हा अवघा बारा वर्षांचा पोर होता. आठ ठिकाणी वाकलेले ते शरीर पाहून सभा हसली, तसा तोही हसला आणि म्हणाला, येथे ज्ञाते असतील असे वाटले होते, तर सगळे कातड्याचेच पारखी निघाले! ही कथा आम्ही कीर्तनात कितीदा लावली त्याची गणती नाही. श्रोते माना डोलावतात, आम्हांसही बरे वाटते.

एका गावी कीर्तन आटोपल्यावर एक माउली चौदा वर्षांच्या लेकीस पुढे घेऊन आली. मुलीच्या ओठांभोवती आणि बोटांवर कोड. ओढणीने तोंड झाकलेले. "महाराज, काही उपाय सांगा." आम्ही सवयीने बोलून गेलो, "माय, पूर्वसंचित आहे, नाम घे." तोच पोर म्हणाली, "अष्टावक्राला उत्तर सुचलं. मला वर्गात काहीच सुचत नाही, त्याचं काय करू?"

आम्ही निरुत्तर झालो. जनकाच्या सभेत हसणारे कोण होते ते त्या दिवशी उमगले.

मग जाणत्यांना विचारले. कोड म्हणजे महारोग नव्हे आणि तो शिवल्याने लागत नाही. कातडीला रंग देणाऱ्या पेशी नाहीशा होतात, एवढेच. मग संचिताचा शिक्का मारून आम्ही त्या लेकराच्या माथी दुसरा डाग लावला की नाही? आणखी एक गोष्ट कळली. उत्तर सुचावे लागत नाही, ते शिकता येते! इंग्लंडात ब्रिस्टल येथील विद्यापीठातील अभ्यासकांनी बारा ते सतरा वर्षांच्या अशा मुलांसाठी इंटरनेटवरून घरबसल्या घ्यायचे धडे रचले. कोणाला भाजल्याचे व्रण, कोणाचा ओठ जन्मतः फाटलेला. दर आठवड्यास एक पाठ, असे सात. कोणी टक लावून पाहिले तर काय करावे, "हे काय झालं?" म्हणून विचारले तर दोन शब्दांत सांगून बोलणे दुसरीकडे कसे वळवावे, मनातली भीती खरी किती आणि वाटलेली किती, याचा त्यात सराव असतो. समोर माणूस नसल्याने लाजऱ्या पोरांना बोलणे सोपे जाते.

गोऱ्यापान चेहऱ्यांची चित्रे दाखवून पोरांना झुरायला लावतो तोही फोनच, हे आम्ही विसरलो नाही. पण विहिरीत बुडतात म्हणून पाणी भरायचे कोणी सोडते काय? आपल्याकडे २०२२ पासून सरकारची 'टेली मानस' सेवा आहे. १४४१६ हा क्रमांक लावावा. रात्रंदिवस, फुकट, मराठीतूनही समुपदेशक बोलतात. त्या माउलीस आम्ही हा क्रमांक लिहून दिला आणि पोरीची क्षमा मागितली.

पुढे एका एकादशीस ती पुन्हा दिसली. ओढणी खांद्यावर होती. शेजारच्या बाईने विचारलेच, "अगं, तोंडाला काय झालं?" पोर म्हणाली, "कोड आहे, मावशी. लागत नाही. तुमचे टाळ जरा देता का?"