विचारपूस

वार्षिक कॉन्फरन्स आटोपली की पाळकसाहेबांच्या बदलीची बातमी मंडळीत पोहोचते. मग एका रविवारी निरोपाची उपासना होते. पार्सनेजच्या दारात टेम्पो उभा राहतो. पुस्तकांची खोकी, शिलाई मशीन, मुलांच्या सायकली वर चढतात. पाळकबाईंनी लावलेला कढीपत्ता तिथंच राहतो. ज्यांनी आपल्या मुलांचा बाप्तिस्मा केला, आईच्या कबरीपाशी प्रार्थना केली, ते कुटुंब दुसऱ्या गावाचं होतं. मनाला चटका बसतो. बसायलाच हवा.

मेथडिस्ट मंडळ्यांत ही रीत जुनी आहे. मेथडिस्ट चळवळीचे प्रवर्तक जॉन वेस्ली स्वतः घोड्यावरून गावोगाव हिंडले. आपल्या उपदेशकांनाही त्यांनी एका जागी फार काळ राहू दिलं नाही. पाळक जाणार, हे ते येतात तेव्हाच ठरलेलं असतं. मग इथली माणसं एकमेकांची होतात तरी कशी?

मला याचं उत्तर १७४२ सालच्या ब्रिस्टलमध्ये सापडतं. वेस्लींच्या तिथल्या सभेवर कर्ज होतं. प्रत्येकानं आठवड्याला एक पेनी द्यावी, असं कुणीतरी सुचवलं. पण पुष्कळांना तेवढीही परवडणारी नव्हती. तेव्हा कॅप्टन फॉय नावाचे गृहस्थ म्हणाले, सगळ्यांत गरीब असे अकरा जण माझ्याकडे द्या. ज्यांना जमणार नाही त्यांचे पैसे मी भरीन. मग बारा-बारा जणांचे गट पडले आणि प्रत्येक गटाचा प्रमुख दर आठवड्याला घरोघर जाऊ लागला.

पैसे गोळा करायला गेलेल्यांना घरं दिसली. कुठं नवरा-बायकोचं भांडण, कुठं दारू. हे कानांवर आलं तेव्हा वेस्लींनी त्याच प्रमुखांवर माणसांची काळजी सोपवली. क्लास मीटिंग, म्हणजे अशा लहान गटांची आठवड्याची बैठक, उभी राहिली ती अशी, कर्जफेडीतून. हे प्रमुख दीक्षित पाळक नव्हते. साधी कष्टकरी माणसं होती, त्यांत स्त्रियाही होत्या. उपदेशक येत आणि जात. हे मात्र त्याच गल्लीत राहत. मेथडिस्ट मिशनरी विल्यम टेलर १८७१मध्ये मुंबईत आले, तेव्हा तिथल्या इंग्रजी बोलणाऱ्या लोकांतही मंडळी घराघरांतल्या अशाच लहान गटांतून वाढली.

आज आपल्या घरांत माणसं कमी झाली आहेत. मुलगा दुबईत, मुलगी पुण्यात, आई-वडील दोघंच मागे. अशा वेळी कुणी दार वाजवावं याची गरज वाढली, आणि आपण मात्र ते काम पाळकांवर सोपवून मोकळे झालो. पाळक घरी आले नाहीत, अशी तक्रार आपण करतो. शेजारच्या बाकावरच्या आजी तीन आठवडे दिसल्या नाहीत, हे नव्या पाळकांना कसं कळावं? ते आपल्यालाच ठाऊक असतं. माझ्या मते मंडळीचं कुटुंबपण इथंच टिकतं किंवा तुटतं. पाळकांची बदली त्याला कारण नसते.

या रविवारी जे कुणी उपासनेला दिसणार नाहीत, त्यांच्या घरी या आठवड्यात जाऊन या. वर्गणीचं निमित्त असलं तरी चालेल.