लोकवर्गणीचा मुक्त फोन : खरेदी, दान की उत्सर्ग?

लिनक्सवर चालणारा आणि ज्याचे सॉफ्टवेअर कुणालाही वाचता, बदलता, वाटता येते असा स्मार्टफोन काढू पाहणाऱ्या छोट्या कंपन्या भांडवलासाठी बहुधा थेट लोकांपुढे येतात. फोन अजून कागदावर असतो. वर्गणीदार आज पैसे देतो आणि वर्ष-दीड वर्षाने फोन हाती येईल असे त्याला सांगितले जाते. या व्यवहाराला नाव देणे अवघड आहे. माल तयार नसल्याने ही सरळ खरेदी होत नाही आणि मोबदल्याची अपेक्षा असल्याने तिला दानही म्हणता येत नाही. नफ्यात वाटा नसल्याने ती गुंतवणूकही ठरत नाही. व्यवहाराची जात कळली नाही, तर पैसे द्यावेत की नाही हे कोणत्या नियमाने ठरवायचे तेच कळत नाही. धर्मशास्त्रकारांनी देण्याच्या निरनिराळ्या प्रकारांचा फार बारकाईने विचार केलेला आहे आणि तो येथे आश्चर्य वाटावे इतका उपयोगी पडतो.

आधी झालेल्या मोहिमा पाहाव्यात. २०१३ साली कॅनॉनिकल कंपनीने ‘उबुंटू एज’ या फोनसाठी ३ कोटी २० लाख डॉलर मागितले. सुमारे १ कोटी २८ लाखांची आश्वासने मिळाली, उद्दिष्ट गाठले गेले नाही, आणि वर्गणीदारांना पैसे परत मिळाले. येथे नुकसान फक्त अपेक्षेचे झाले. फिनलंडच्या योल्ला कंपनीच्या टॅबलेटची गोष्ट अधिक कडू आहे. २०१४ च्या मोहिमेला उत्तम प्रतिसाद मिळाला, पण पुढच्या वर्षी कंपनी आर्थिक अडचणीत सापडली. थोड्याच वर्गणीदारांना टॅबलेट मिळाला आणि उरलेल्यांना पैसे टप्प्याटप्प्याने परत करण्याचे ठरले.

सर्वांत बोधप्रद प्रकरण अमेरिकेतील प्युरिझम कंपनीच्या ‘लिब्रेम ५’चे आहे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी तिने १५ लाख डॉलरचे उद्दिष्ट जाहीर केले आणि दोन महिन्यांत २० लाखांहून अधिक रक्कम जमली. फोनची किंमत ५९९ डॉलर होती, म्हणजे त्या वेळच्या दराने सुमारे ३८ हजार रुपये. कॅमेरा व माइक, वायफाय व ब्लूटूथ, आणि मोबाइल मोडेम या तिन्ही गटांना स्वतंत्र भौतिक बटणे असतील आणि ती बंद केली की वीजच तुटेल, अशी रचना होती. फोन जानेवारी २०१९ मध्ये मिळायचा होता. प्रत्यक्षात पहिल्या छोट्या तुकड्या सप्टेंबर २०१९ पासून बाहेर पडल्या. मोठ्या प्रमाणावरील ‘एव्हरग्रीन’ तुकडीचे वाटप नोव्हेंबर २०२० मध्ये सुरू झाले आणि त्यानंतरही अनेकांना दीर्घकाळ थांबावे लागले. फोन हाती आला तोवर त्यातला प्रोसेसर जुना झालेला होता. खरेदी म्हणून पाहिले तर हा व्यवहार वाईटच म्हणावा लागतो.

पण याच मोहिमेच्या पैशातून ‘फॉश’ हा फोनचा दर्शनी पडदा लिहिला गेला, आणि छोट्या-मोठ्या दोन्ही पडद्यांवर खिडक्या नीट बसवणारे ‘लिबहँडी’ हे सॉफ्टवेअरही. फॉश आज इतर कंपन्यांच्या फोनवरही चालते. लिबहँडीची पुढची पिढी २०२२ पासून ‘ग्नोम’ या डेस्कटॉप प्रणालीत आहे, म्हणजे ज्यांनी लिब्रेम हे नावही ऐकलेले नाही अशा असंख्य लोकांच्या संगणकांवर आहे. वर्गणीदाराचा फोन रखडला, पण त्याच्या पैशाने झालेले काम जगभर पोचले. हे देणे कोणत्या खात्यात मांडायचे, हा या निबंधाचा प्रश्न आहे.

दानाची शास्त्रीय कल्पना काटेकोर आहे. दाता, घेणारा, श्रद्धा, देय वस्तू, देश आणि काल अशी त्याची सहा अंगे सांगितली जातात. देणाऱ्याचे स्वामित्व संपते, घेणाऱ्याचे सुरू होते, आणि घेणाऱ्याने स्वीकार केल्याशिवाय दान पुरे होत नाही. दिलेल्या गाईचे दूध दात्याने मागायचे नसते. मग गावासाठी तलाव खोदणाऱ्याचे काय? तलाव घेणारा कुणी एक नाही. शिवाय खोदणाराही त्याच गावात राहतो आणि त्यालाही तहान लागते. यासाठी शास्त्रकारांनी दानाहून वेगळा प्रकार मानला, तो म्हणजे उत्सर्ग. पांडुरंग वामन काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या दुसऱ्या खंडात (१९४१) हा भेद स्पष्ट केला आहे. उत्सर्गात कर्ता आपले स्वामित्व सोडतो, पण वस्तू एकाला न देता सर्वांसाठी सोडतो. म्हणून सर्वांपैकी एक या नात्याने तिचा उपभोग त्यालाही घेता येतो. विहिरी, तळी, बागा, धर्मशाळा यांचा समावेश असलेल्या ‘पूर्त’ कर्मांचा हा पाया आहे.

इस्लामी परंपरेत हाच विचार मदिनेच्या रूमा विहिरीच्या हकिकतीत येतो. हजरत उस्मान यांनी ती मालकाकडून विकत घेतली आणि सर्वांसाठी सोडली. त्यानंतर त्यांची बादली इतरांच्या बादल्यांसारखीच एक झाली, अधिक मानाची नाही आणि वर्ज्यही नाही. वक्फाच्या चर्चेत ही हकिकत वारंवार येते.

तेलंगणातील निर्मलसारख्या गावात हा विचार समजावून सांगावा लागत नाही. गोदावरीच्या उत्तरेला वसलेल्या या शहराभोवती धर्मसागरासारखे अनेक तलाव आहेत आणि एकाचा सांडवा दुसऱ्यात जाईल अशा साखळी तलावांची रचना तेलंगणात जुनी आहे. तेथील काकतीय राजवटीतले लोक सात ‘संताने’ मानत. पुत्र, देऊळ, अग्रहार, वन, काव्य आणि निधी यांच्या पंक्तीला त्यांनी तलाव बसवला होता. खोदणाऱ्याचे नाव पुसले गेले तरी पाणी वाहते राहते, हा येथला शेकडो वर्षांचा अनुभव आहे.

मुक्त सॉफ्टवेअर तंतोतंत उत्सर्गाच्या व्याख्येत बसते. लिहिणारा ते सर्वांसाठी सोडतो आणि स्वतःही वापरतो. तलावाचे पाणी निदान उन्हाळ्यात आटते, सॉफ्टवेअरचे तेही होत नाही. फोनचे यंत्र मात्र उत्सर्गात बसत नाही. ती एक वस्तू आहे, एकाच्या खिशात जाणारी, आणि तिच्यासाठी दिलेले पैसे म्हणजे आगाऊ दिलेला विसार. निर्मलच्या नकाशी कारागिराकडे पुनिकीच्या लाकडाची खेळणी सांगताना जो विसार देतात, त्याहून तो वेगळा नाही. माल आला नाही तर विसार परत मागायचा, हा व्यवहाराचा नियम आहे. तेथे पुण्याचा हिशेब करायचा नसतो.

लोकवर्गणीच्या फोनवरचे बहुतेक भांडण या दोन व्यवहारांची सरमिसळ झाल्यामुळे होते. कंपनी पैसे मागताना स्वातंत्र्याची भाषा बोलते आणि वर्गणीदार फोनची तारीख मोजत बसतो. उशीर झाला की कंपनी उदात्त हेतूकडे बोट दाखवते आणि वर्गणीदार पावतीकडे. पाइन६४ या संस्थेने ही गाठ बरीच सोडवली. २०२० पासून निघालेल्या तिच्या ‘पाइनफोन’च्या सामुदायिक आवृत्त्या सुमारे दीडशे डॉलरना मिळत आणि प्रत्येक फोनमागे दहा डॉलर त्यावरचे सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या प्रकल्पाला जात. किंमत किती आणि वर्गणी किती, हे घेणाऱ्याला आधीच ठाऊक असे. फोन साधाच होता, पण हिशेब स्वच्छ होता.

महाराष्ट्राला हा स्वच्छ हिशेब शंभर वर्षांपूर्वी ठाऊक होता. अंताजी दामोदर काळे यांनी घरोघरी पैसा-पैसा गोळा करून उभारलेल्या पैसा फंडातून १९०८ साली तळेगाव दाभाडे येथे काचेचा कारखाना निघाला. लोकमान्य टिळकांचा त्याला पाठिंबा होता. पैसा देणाऱ्याला कंदिलाची काच घरपोच मिळेल असे कुणी सांगितले नव्हते आणि कुणी तशी वाटही पाहिली नाही. देशात काच करण्याची विद्या यावी म्हणून तो पैसा होता, आणि तळेगावात शिकलेली माणसे पुढे इतर काचकारखान्यांत गेली. रक्कम इतकी लहान होती की बुडाली तरी कुणाचे घर बुडणार नव्हते. आजच्या ३८ हजारांच्या वर्गणीला हा गुण नाही.

येथे निष्काम कर्माचा आधार घेणारे असतात. फळाची आशा न धरता पैसे द्यावेत, फोन आला तर आला, असे ते म्हणतात. गीतेचा हा अर्थ सोयीचा आहे, बरोबर नाही. अठराव्या अध्यायात परिणाम, हानी आणि स्वतःची कुवत न पाहता मोहाने आरंभलेल्या कर्माला तामस म्हटले आहे. फळावरची आसक्ती सोडणे आणि फळाविषयीची चौकशी सोडणे या दोन गोष्टी एक नव्हेत. टिळकांच्या गीतारहस्यातील कर्मयोगीही डोळे मिटून कर्म करीत नाही. शिवाय सतराव्या अध्यायात सात्त्विक दानाला देश, काल आणि पात्र पाहण्याची अट आहे. मोबदल्याच्या इच्छेने, मनात कुरकुरत दिलेले ते राजस ठरते. फोनची तारीख चुकल्यावर संतापणारा वर्गणीदार वाईट माणूस नसतो. त्याने राजस देणे केलेले असते आणि सात्त्विक देण्याचे समाधान मागितलेले असते.

पात्र कसे ओळखायचे, याचा एक कस तलावांच्या विधीतून मिळतो. जलाशयोत्सर्गाचा विधी तळे खोदून पाणी भरल्यावर करतात, नुसत्या आखलेल्या जमिनीचा उत्सर्ग होत नाही. लोकवर्गणीत क्रम उलटा असतो, पाण्याआधी संकल्प. मात्र मुक्त सॉफ्टवेअरमध्ये खोदकाम उघड्यावर चालते. कोण काय लिहीत आहे आणि ते लिनक्सच्या मूळ गाभ्यात पोचते आहे का, हे रोज पाहता येते. ज्या मोहिमेचे काम पहिल्या महिन्यापासून असे दिसते, ती पात्र मानावी. जी फोन आल्यावर सगळे खुले करू म्हणते, तिच्याकडे संकल्पही नाही.

तलाव फोडणाऱ्याला मनुस्मृतीत अत्यंत कठोर दंड सांगितला आहे. सॉफ्टवेअरच्या बाबतीत हे राखणीचे काम परवाना करतो. १९८९ मध्ये पहिल्यांदा प्रसिद्ध झालेल्या जीपीएल परवान्यानुसार, सर्वांच्या कामात भर घालून ते पुढे वाटणाऱ्याला आपली भरही त्याच अटींवर सर्वांना द्यावी लागते. सर्व मुक्त परवाने इतके कडक नसतात, म्हणून मोहिमेतले काम कोणत्या परवान्याखाली सोडले जाणार हे फोनच्या कॅमेऱ्याआधी पाहावे.

एक आक्षेप शुद्धतेचा आहे. आजवरच्या एकाही लिनक्स फोनमधला मोडेम पूर्णपणे मुक्त नाही, त्याच्या आतले सॉफ्टवेअर बंदच असते. मग पैसे स्वातंत्र्यासाठी दिले म्हणणे खोटे नव्हे काय? वैदिक यज्ञविधींचा अर्थ लावणाऱ्या मीमांसकांपुढे असाच प्रश्न होता. सोमवल्ली मिळाली नाही तर यज्ञ सोडायचा का? त्यांनी पूतिका वनस्पती प्रतिनिधी म्हणून मान्य केली. पण मुख्य वस्तू मिळत असताना प्रतिनिधी चालत नाही, आणि प्रतिनिधी घेतला म्हणून मुख्य वस्तूचा शोध थांबत नाही. लिब्रेम ५ मध्ये मोडेम वेगळ्या कार्डावर ठेवून त्याला मुख्य स्मृतीपासून दूर ठेवले आहे. हा प्रामाणिक प्रतिनिधी म्हणावा लागेल. त्याच फोनला शंभर टक्के मुक्त म्हणून विकणे मात्र पूतिकेला सोम म्हणून विकण्यासारखे होईल.

आता निर्मलच्या घेणाऱ्याकडे यावे. हा भाग २०१६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात होता. १९५६ साली नांदेडमधून आलेल्या मुधोल तालुक्यामुळे भैंसा-बासर पट्ट्यात मराठी घरे पुष्कळ आहेत. अशा घरात फोन म्हणजे बँक, शिधा, आधारचा ओटीपी आणि यूपीआय. बँकांची ॲप लिनक्स फोनवर बहुधा चालत नाहीत, परदेशातून येणाऱ्या फोनवर सीमाशुल्क पडते आणि बिघडल्यास दुरुस्तीला जवळ कुणी नसते. घरातला एकमेव फोन घेण्याचे पैसे अशा मोहिमेत घालणे चूक आहे. शास्त्रानेही कुटुंबाच्या पोषणाला बाधा येईल असे देणे निषिद्ध मानले आहे. दुसरा फोन असलेल्या, बासरच्या राजीव गांधी विद्यापीठात संगणक शिकणाऱ्या विद्यार्थ्याची गोष्ट वेगळी. त्याला ते यंत्र शिकण्याचे साधन आहे.

जीर्णोद्धार हा आणखी एक मार्ग बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. नवे तळे खोदण्याइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, पुण्य जुन्याच्या दुरुस्तीला सांगितले आहे. तेलंगणा सरकारने २०१५ मध्ये ‘मिशन काकतीय’ सुरू केले, तेव्हा सुमारे ४६ हजार जुन्या तलावांतला गाळ काढण्याचेच काम हाती घेतले. २०१७ पासून चाललेला ‘पोस्टमार्केटओएस’ हा प्रकल्प कंपन्यांनी टाकून दिलेल्या जुन्या फोनवर लिनक्स बसवतो आणि फोन दहा वर्षे टिकावा असे उद्दिष्ट ठेवतो. त्याला दिलेले शंभर रुपये निखळ उत्सर्ग ठरतात, कारण मोबदल्यात कोणतेही यंत्र येणार नसते.

यावरून निर्णय असा करता येतो. फोन हवा असेल तर तयार असलेला, पाहून, खरेदीच्या नियमाने घ्यावा. मुक्त सॉफ्टवेअर वाढावे असे वाटत असेल तर ते लिहिणाऱ्यांना थेट, बुडाली तरी चालेल एवढीच रक्कम द्यावी. दोन्ही एकत्र मागणाऱ्या मोहिमेला पैसे द्यायचेच असतील, तर किंमत किती आणि वर्गणी किती हे तिने सांगितल्याशिवाय देऊ नयेत.