सात दिवसांचे वतन

गेल्या मार्गशीर्षातली गोष्ट. रविवारची सकाळ होती आणि मी मुलांच्या निबंधांच्या वह्या तपाशीत बसलो होतो. इतक्यात आमच्या शाळेतून पूर्वीच निवृत्त झालेले एक शिक्षक दारात येऊन उभे राहिले. सारी शाळा त्यांना अण्णा म्हणे. मीही तेच म्हणतो. काखेत एक निळी फाइल होती. चहा झाला, हवापाण्याच्या गोष्टी झाल्या, आणि मग जरा चाचरतच अण्णा म्हणाले, "मास्तर, तुम्हाला गोव्यातला एक आठवडा विकत हवा आहे का?"

घर विकत घेणारी माणसे मी पाहिली आहेत, जमीन घेणारीही पाहिली आहेत. पण आठवडा? वार आणि तिथ्या देवाने सर्वांना सारख्याच वाटून दिल्या आहेत, अशी माझी आजवर समजूत होती.

अण्णांनी फाइल उघडली. तेरा वर्षांपूर्वी पुण्यातल्या एका मोठ्या हॉटेलात फुकट जेवणाचे आमंत्रण म्हणून ते काकूंसह गेले होते. जेवणानंतर एका तरुणाने त्यांना समुद्राची चित्रे दाखवली आणि संध्याकाळपर्यंत त्यांनी पंचवीस वर्षांच्या करारावर सही केली. दर वर्षी समुद्राकाठच्या विश्रामधामात सात दिवस राहायचे, असा तो हक्क. तेरा वर्षे सरली, बारा उरली. तेरा वर्षांत अण्णा चार वेळा गेले. आता काकूंच्याने प्रवास होत नाही. उरलेल्या बारा वर्षांचे अण्णा नव्वद हजार मागत होते. मूळ किमतीच्या मानाने ही रक्कम फारच थोडी होती. "फुकट म्हणा ना," असे म्हणून ते हसले. पण ते हसणे काही खरे नव्हते.

या व्यवहाराला टाइमशेअर म्हणतात. एक खोली, वर्षाचे बावन्न आठवडे, आणि त्या आठवड्यांचे निरनिराळे हक्कदार. १९६३ साली स्वित्झर्लंडमध्ये हापिमाग नावाची संस्था निघाली. सभासदांनी भांडवल घालायचे आणि संस्थेच्या घरांत आळीपाळीने राहायचे, अशी तिची रीत. पुढे १९७४ साली अमेरिकेतील इंडियानापोलिस येथे एका दांपत्याने या आठवड्यांची अदलाबदल करून देणारी कंपनी काढली, म्हणजे डोंगरातला आठवडा देऊन समुद्रावरचा घेता येऊ लागला. १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात ही कल्पना आपल्याकडे आली.

पण नाव परके असले तरी वस्तू आपल्याला अगदीच नवी नाही. माझ्या आजोबांच्या गावी एका विहिरीवर पाच घरांची पाळी होती. कोणाची दोन दिवस, कोणाची एक. जमीन विकली तर पाण्याची पाळीही तिच्याबरोबर जाई. विहिरीतला गाळ काढायचा झाला की ज्याची जेवढी पाळी तेवढा त्याचा खर्च. कालाचे तुकडे करून ते वाटून घेणे, त्यांची खरेदीविक्री करणे, त्यांच्यासाठी भांडणे, हे सर्व आमच्या पूर्वजांना चांगले अवगत होते. वतनाचीही गोष्ट तशीच. वतन म्हणजे नुसता हक्क नव्हे. हक्काच्या पाठीला चाकरी बांधलेली असे. परगणा व कुलकर्णी वतने १९५०च्या कायद्याने गेली. अण्णांच्या फाइलीकडे पाहताना मला वाटले, की हे सात दिवसांचे नवे वतनच आहे. मग याची चाकरी कोणती?

ती फाइलीच्या शेवटी पावत्यांच्या रूपाने होती. खोली वापरा अथवा न वापरा, दर वर्षी देखभालीची वर्गणी भरावीच लागते. पहिली पावती नऊ हजारांची, तेरावी अठरा हजारांची. बारा वाढींत रक्कम दुप्पट झाली, म्हणजे वाढ शेकडा सहाच्या आसपास. मी वह्या बाजूला सारल्या आणि मुलांना पाटीवर घालतो तसा हिशेब मांडला. किंमत नव्वद हजार; नाव बदलून घेण्याचे वीस हजार; पुढील बारा वर्षांची वर्गणी याच गतीने वाढत गेली तर सुमारे ३,२१,९०० रुपये. एकूण ४,३१,९००. बाराही वर्षे गेलो तर एक आठवडा सुमारे ३६,००० रुपयांना, म्हणजे एक रात्र ५,१४० रुपयांना पडते. आठ वेळाच जमले तर रात्र ७,७००च्या घरात जाते. आणि अण्णांप्रमाणे चारदाच गेलो, तर एक आठवडा एक लाख आठ हजारांना! यात गाडीभाडे नाही, जेवण नाही. शिवाय आरंभीचे एक लाख दहा हजार शेकडा सात व्याजाने ठेवले असते तर बारा वर्षांनी जवळजवळ अडीच लाख झाले असते. उलट, गावातल्या साध्या घरगुती खोलीचा मला मिळालेला भाव रात्रीला अडीच हजार होता. सात रात्रींचे साडेसतरा हजार. अण्णांची नुसती वर्गणीच त्याहून अधिक! खोलीखोलीत फरक असतो हे मला मान्य आहे. पण समुद्र दोन्हीकडे तोच असतो. भरतीच्या पाण्याने भिजणारी वाळू कोणाच्या मालकीची नसते. तेथे फिरायला पावती लागत नाही. विकला जातो तो समुद्र नव्हे, त्याच्या शेजारचा पलंग.

आणखी एक अडचण होती. अण्णांच्या करारात वर्षाचे रंग पाडले होते. ज्या रंगाचा हक्क त्या रंगाच्या दिवसांत राहायचे. अण्णांचा रंग पावसाळ्याचा. त्या दिवसांत गोव्याचा समुद्र खवळलेला असतो. जून आणि जुलै हे दोन महिने पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक नौकांच्या मासेमारीलाही बंदी असते. आणि मास्तराला सुट्टी केव्हा? मे महिन्यात आणि दिवाळीत, म्हणजे साऱ्या जगाला असते तेव्हा!

हिशेब येथे संपला असता तर हा लेख लिहिण्याचे कारण नव्हते. मी कागद सौ.ला दाखवला आणि विजयी मुद्रेने म्हणालो, "पाहा, दर वर्षी अठरा हजार कशाचे? आम्ही लहानपणी महिना महिना आजोळी राहत होतो, एक पै पडत नसे."

ती भाजी निवडीत होती. मान वर न करता ती म्हणाली, "अहो, तुम्हाला पडत नसे. तुमच्या मामींना विचारलंत का कधी?"

मी गप्प झालो. आजोळच्या त्या वाड्यात मे महिन्यात आम्ही पंधरा-सोळा मुले असू. आंब्यांच्या अढ्या, दुपारची पत्त्यांची कुटाळकी, रात्री अंगणातली अंथरुणे, हे सारे मला आठवते. त्यावर मी एका कादंबरीत दोन प्रकरणेही लिहिली आहेत. पण पहाटे उठून पंधरा मुलांच्या आंघोळीचे पाणी कोण तापवी, हे त्या प्रकरणांत नाही. मामी मला आठवते ती पाठमोरी, चुलीपुढे. तिची सुट्टी केव्हा असे, हा प्रश्न मला पंचेचाळिसाव्या वर्षी प्रथम पडला.

मग त्या अठरा हजारांकडे मी निराळ्या दृष्टीने पाहू लागलो. कोणीतरी चादरी धुतो, कोणीतरी न्हाणीघर घासतो, खाऱ्या वाऱ्याने गंजलेल्या खिडक्यांना कोणीतरी रंग देतो. ते सारे पैसे त्यांच्याच हाती पडतात असे मानण्याइतका मी भोळा नाही. पण विश्रांतीला किंमत असते आणि ती कोणीतरी देतच असतो, हे सत्य त्या पावतीवर निदान आकड्यांत छापलेले होते. आजोळच्या हिशेबात ते कधी लिहिलेच गेले नव्हते. सौ.ला मी विचारले, "तुला काय हवं? समुद्र?" ती म्हणाली, "समुद्र असला तर बरंच. पण सात दिवस सकाळचा चहा कोणीतरी हातात आणून द्यावा, एवढं झालं तरी पुरे."

तेव्हा वर्गणी हा या व्यवहारातला अधर्म नव्हे. मग अधर्म कोठे आहे? माझ्या मते तो त्या जेवणानंतरच्या सहीत आहे. त्या दुपारी सही करणारे अण्णा पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे होते, काकू धडधाकट होत्या, मुलगा घरी होता. त्या माणसाने अडुसष्ट, सत्तर, पंचाहत्तर वर्षांच्या एका अनोळखी वृद्धाच्या नावाने शब्द दिला: तू दर वर्षी आनंदी राहशील, आणि त्याबद्दल पैसे भरशील. आपण दुसऱ्याच्या वतीने वचन देताना दहादा विचार करतो. आपल्याच उद्याच्या वतीने देताना एकदाही करीत नाही. वास्तविक उद्याचा मी हाही एक परकाच आहे, आणि तो बिचारा सहीच्या वेळी हजर नसतो. युरोपीय संघाने २००९ साली या खरेदीसाठी नियम केला, की सही केल्यापासून चौदा दिवसांत कारण न देता माघार घेता यावी आणि त्या मुदतीत पैसे घेऊ नयेत. स्पेनने १९९८च्या कायद्याने असे करार पन्नास वर्षांपुरते मर्यादित केले. दुपारचा माणूस आणि पंधरवड्यानंतरचा माणूस हे दोन वेगळे असतात, ही तत्त्वज्ञानातली गोष्ट कायद्यालाही उमगली म्हणायची.

महाभारतातल्या यक्षाने सुखी कोण असे विचारले, तेव्हा धर्मराजाने जे सांगितले त्याचा आशय असा, की उशिरा का होईना पण आपल्या घरची भाजी शिजवून खाणारा, ज्याला ऋण नाही आणि प्रवास नाही, तो. आमच्या युगाने मोठी करामत केली आहे. ऋण आणि प्रवास या दोहोंची एकच पावती करून तिला सुख हे नाव दिले आहे!

दुसऱ्या रविवारी मी अण्णांकडे गेलो आणि नकार सांगितला. हिशेबाचा कागदही दाखवला. त्यांनी तो दोनदा वाचला. मग म्हणाले, "मास्तर, मला हे ठाऊक नव्हतं असं समजू नका. पण मी तरी काय करू? जो हिशेब करील तो घेणार नाही, आणि जो घेईल त्यानं हिशेब केलेला नसेल. म्हणजे मला विकायचं असेल तर अडाणी माणूसच शोधला पाहिजे. आयुष्यभर मुलांना गणित शिकवलं, आणि आता गणित न येणारा धुंडाळतो आहे."

त्यांच्या त्या बोलण्याने मला फार अस्वस्थ केले. आपल्या गळ्यातला धोंडा दुसऱ्याच्या गळ्यात घालण्याचा माणसाला अधिकार आहे काय? कायदा म्हणेल, आहे. घेणाऱ्याने पारखून घ्यावे. पण अण्णांना फसवणारा तरुणही हेच म्हणाला असता. एक पळवाट मी मनाशी शोधली होती: अण्णांचे नुकसान झाले आहे, ते थोडे दुसऱ्याकडे गेले तर काय बिघडले? पण नुकसान म्हणजे काही खोटे नाणे नव्हे, की हातोहात पुढे चालवावे.

मात्र अण्णांच्या वाक्यात एक चूक होती, आणि ती गणिताचीच होती. जो हिशेब करील तो घेणार नाही, हे माझ्यापुरते खरे. दर वर्षी खात्रीने जाणारा, पावसाळ्यात मोकळा असणारा, त्याच जागेत रमणारा कोणी असेल, तर पहिल्या धन्याने सोसलेला तोटा हा दुसऱ्याचा न्याय्य लाभ ठरू शकतो. तोच पलंग एकाला ओझे आणि दुसऱ्याला विसावा होतो. मी म्हणालो, "अण्णा, अडाणी माणूस शोधू नका, पाऊस आवडणारा शोधा. आणि येईल त्याच्या हाती आधी हा कागद द्या."

अण्णांनी तसे केले. दोघे जण कागद वाचून परत गेले. तिसरे एक निवृत्त दांपत्य होते. त्यांनी शांतपणे सगळे आकडे तपासले आणि नव्वदऐवजी तीस हजार देऊ केले. अण्णांनी ते घेतले. "साठ हजार गेले," ते मला म्हणाले, "पण ती दोघं रस्त्यात भेटली तर मला तोंड चुकवावं लागणार नाही."

आणि आम्ही? मे महिन्यात वेंगुर्ल्याजवळ एका घरगुती खोलीत पाच दिवस राहून आलो. रोज पहाटे त्या घरच्या वहिनी चहा आणून देत. सौ. ओसरीवर बसून तो सावकाश पीत असे. शेवटच्या दिवशी तिने त्यांना विचारले, "वहिनी, तुम्ही कुठं जाता विश्रांतीला?" त्या हसून म्हणाल्या, "पावसात पाहुणे नसतात. तेव्हा चार दिवस माहेरी जाते. तिथं माझी भावजय उठू देत नाही मला."

परतीच्या वाटेवर मी खर्च टिपीत होतो. त्या भावजयीसाठी मला रकाना सापडला नाही. घरी आल्यापासून रविवारचा सकाळचा चहा मी करतो. तो फार चांगला होतो असे नाही. पण वतन घेतले नाही म्हणून चाकरी चुकते, असे थोडेच आहे?