निवृत्ती आणि कोरा कागद



भक्तनिवासाच्या नोंदवहीत 'व्यवसाय' असा एक रकाना आहे. गेली अनेक वर्षे तो भरून घेण्याचे काम मजकडे आहे. भुसावळच्या रेल्वेतील, वरणगावच्या आयुध निर्माणीतील, जिल्हा परिषदेच्या शाळांतील मंडळी दर्शनास येतात आणि या रकान्याशी आली की त्यांचा स्वर किंचित खाली उतरतो. "काही नाही, रिटायर्ड आहे." या 'काही नाही'ने मला पुष्कळ वेळा विचारात पाडले आहे. रेल्वेची नोकरी साठाव्या वर्षी संपते, राज्य शासनाची बहुतेकांची अठ्ठावन्नाव्या वर्षी. मीही पन्नाशी ओलांडली असल्याने हा विचार केवळ परक्यांचा राहिलेला नाही.

मराठी भाषेने या अवस्थेला दिलेले नाव पाहावे. ज्ञानदेवांचे थोरले बंधू आणि सद्गुरू यांचे नावच निवृत्ती. त्यांच्यामागून ज्ञान, मग सोपान म्हणजे जिना आणि शेवटी मुक्ता. चार भावंडांच्या नावांत आपल्या पूर्वजांनी मार्गाचा क्रमच वाचला. त्या क्रमात निवृत्ती आरंभी आहे. आपण मात्र ती अखेरीस ठेवली आणि पेन्शनच्या कागदपत्रांबरोबर फायलीत लावून टाकली.

मागे एक गृहस्थ सपत्नीक तीन दिवस भक्तनिवासात राहिले होते. आयुष्यभर रेल्वेत पाळीची ड्युटी केलेली. त्यामुळे पहाटे चारला जाग येई. काकडआरती आटोपली की कचेरीत येऊन बसत आणि "साहेब, काही काम असेल तर सांगा" म्हणत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "घरी कुठेही उभा राहिलो तरी कुणाच्या तरी मध्ये येतो." मी त्यांना पावतीपुस्तकांचे गठ्ठे मोजावयास दिले. ते आधीच मोजलेले होते. त्यांच्याही ते लक्षात आले असावे. दुसरे उत्तर मजजवळ नव्हते, म्हणून संगमावर जाऊन येण्यास सांगितले आणि चांगदेवांची कथा सांगितली.

मुक्ताईनगर तालुक्यात तापी आणि पूर्णा एकत्र येतात, तेथे चांगदेवांचे प्राचीन दगडी मंदिर आहे. योगसामर्थ्याने १४०० वर्षे जगलेले, वाघावर बसून हाती सर्पाचा चाबूक घेऊन निघालेले चांगदेव आपणा सर्वांस ठाऊक आहेत. ज्ञानदेवांस पत्र लिहावयास ते बसले आणि मायन्यापाशीच अडले. वयाने लहान म्हणून आशीर्वाद लिहावा, की ज्ञानाने थोर म्हणून नमस्कार? निर्णय होईना, तेव्हा कागद तसाच पाठवून दिला. तो पाहून मुक्ताबाई म्हणाल्या, एवढी वर्षे जगूनही हे कोरेच राहिले. निवृत्तिनाथांच्या आज्ञेने ज्ञानदेवांनी त्या कोऱ्या कागदास ६५ ओव्यांचे उत्तर दिले, तीच चांगदेव पासष्टी.

या कथेतील अडचण वेळेची नाही. चांगदेवांजवळ वेळ अपार होता आणि ते रिकामेही बसलेले नव्हते. सिद्धी मिळविण्यात आणि मृत्यू परतवून लावण्यात गुंतले होते. कागद कोरा राहिला तो मायन्यामुळे. समोरचा मोठा की लहान, एवढे ठरल्यावाचून त्यांना बोलताच येईना. नोकरीत आपणही हेच शिकतो. कुणाला 'साहेब' म्हणावयाचे आणि कोण आपणास म्हणेल, हे तीस-पस्तीस वर्षे खुर्ची ठरवून देते. खुर्ची गेली की नातवाशी, शेजाऱ्याशी, घरातील स्त्रीशी कोणत्या मायन्याने बोलावे हे सुचत नाही. म्हणून काही जण दारावरील पाटीत 'माजी' लिहून आणखी काही वर्षे काढतात.

चांगदेवांनी पुढे काय केले? मुक्ताबाईंचे शिष्यत्व पत्करले. शके १२१९, म्हणजे इ.स. १२९७ मध्ये याच तापीतीरी त्या अंतर्धान पावल्या, तेव्हा परंपरेप्रमाणे त्यांचे वय अवघे अठरा वर्षांचे होते. १४०० वर्षांच्या वृद्धाने एका मुलीस गुरू मानले! मोबाइलवरून पैसे कसे पाठवावेत हे सुनेला विचारण्यास ज्यांना संकोच होतो, त्यांनी संगमावर थोडा वेळ बसावे.

विश्रांती गैर आहे, असे येथे सुचवावयाचे नाही. दुपारची झोप, वर्तमानपत्र, पारावरच्या गप्पा हे सारे कष्टाने मिळविलेले आहे. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी पूर्ण केलेल्यांना एसटीचा प्रवास विनामूल्य झाला. त्यापूर्वीच्या दहा वर्षांत निम्मे भाडे पडते. तीर्थयात्रेस ही मोठीच सोय. मात्र एका दिवसात सात देवळे 'करून' आलेली मंडळी कचेरीसमोर थकून बसतात आणि आता कोणत्या देवळात आलो हे एकमेकांस विचारतात, तेव्हा नोकरीतील घाईच त्यांनी बरोबर आणली आहे असे वाटते.

रिकामा वेळ लादला गेला तरी त्याचे काय होऊ शकते, याचे उदाहरण आपल्या धुळ्यात आहे. १९३२ साली धुळ्याच्या कारागृहात विनोबाजी दर रविवारी गीतेच्या एकेका अध्यायावर बोलत. २१ फेब्रुवारीस आरंभ झाला आणि १९ जूनपर्यंत अठरा अध्याय झाले. साने गुरुजी लिहून घेत बसत, म्हणून 'गीता प्रवचने' आज आपल्या हाती आहे. कैद्यांना कामातून रजा नव्हती आणि घरी जाण्याची मोकळीकही नव्हती. होता तो आठवड्याचा एक नेम, एक बोलणारा आणि लक्ष देऊन लिहिणारा.

एक गोष्ट मात्र शास्त्रकारांनीही घाईने उरकली. केस पांढरे झाले, नातवाचे तोंड पाहिले की गृहस्थाने वनाची वाट धरावी, असे मनुस्मृती सांगते. पत्नीस मुलांच्या स्वाधीन करावे किंवा बरोबर न्यावे, एवढ्यावर तिचा प्रश्न मिटविला आहे. तिची निवृत्ती कोणत्या वर्षी, हे कोणी लिहिलेले नाही. रावेर-यावलच्या केळीबागांत राबणाऱ्या शेतकऱ्यालाही निरोपसमारंभ नसतो. जळगावच्या बहिणाबाई चौधरींनी (१८८० ते १९५१) अक्षरओळख नसताना ओव्या रचल्या, त्या जात्यावर आणि शेतात, हात चालू असताना. त्यांना वेगळी फुरसत कोणी दिली नव्हती.

ते रेल्वेतील गृहस्थ संगमावरून सायंकाळी परतले, तेव्हा त्यांच्या पत्नी ओसरीवर पोथी वाचीत बसल्या होत्या. "यांना तरी सुटी मिळाली," त्या मला म्हणाल्या आणि हसल्या. गृहस्थ काही बोलले नाहीत.

पुढील वर्षी महाशिवरात्रीच्या यात्रेस दोघे पुन्हा आले. नोंदवही पुढे सरकविली, तेव्हा त्यांनी 'व्यवसाय' हा रकाना रिकामाच ठेवला. पत्नींकडे पाहून मीच विचारले, आता घरी कसे चालले आहे? "पहाटेचा चहा हे करतात," त्या म्हणाल्या. "साखर जास्त पडते. पण शिकताहेत."