भास आणि त्याचे यंत्र

काळोख्या दालनाच्या चारी भिंतींवर प्रक्षेपकांच्या साहाय्याने व्हॅन गॉगची चित्रे हलती करून दाखवायची, त्या रंगांत प्रेक्षक बुडाला म्हणजे त्याला कलेचा साक्षात्कार झाला असे जाहीर करायचे, आणि चित्रकलेने सिनेमाची भाषा आत्मसात केल्याचा हाच पुरावा मानायचा, असा प्रघात अलीकडे मोठ्या शहरांत पडला आहे. जालन्यासारख्या जिल्ह्याच्या ठिकाणीही तो येण्यास फारसा विलंब लागणार नाही. मला हा सिनेमाच्या भाषेचा अपलाप वाटतो, कारण सिनेमापासून येथे घेतले आहे ते केवळ त्याचे गारूड. त्या गारुडाला मराठी मुलखातील एका चित्रकाराने शंभर वर्षांपूर्वी जे वळण लावले, त्याचा मागमूसही या दालनांत आढळत नाही.

दादासाहेब फाळक्यांची कथा सर्वश्रुत आहे: चित्रकला, छायाचित्रण, मुद्रण, जादूचे प्रयोग, आणि १९१३ चा ‘राजा हरिश्चंद्र’. जादूगाराची दृष्टी त्यांनी पडद्यावर आणली, याविषयी कोणाचा वाद नाही.

वाद आहे तो बाबूराव पेंटरांविषयी. नाटकमंडळ्यांचे पडदे रंगविणारा कोल्हापूरचा हा कलावंत नात्यातले बंधू आनंदराव यांच्या मृत्यूनंतर स्वतः कॅमेरा सिद्ध करतो, महाराष्ट्र फिल्म कंपनी स्थापतो, रंगविलेल्या पडद्यांऐवजी घडीव देखावे उभारतो. यावरून आपले अभ्यासक असा निष्कर्ष काढतात, की चित्रकार मागे पडला आणि वास्तववादी दिग्दर्शक पुढे आला. मला नेमके उलट वाटते. कापडावर राजवाडा रंगवून तो खरा भासविणे, हे पडद्याचे काम होते, आणि १९२० च्या ‘सैरंध्री’तील कीचकवधही, घडीव देखावे असोत वा नसोत, त्याच जातीचा होता; तो इतका खरा भासला की त्यावर कात्री चालवावी लागली. फसविणे हेच भासाचे प्रयोजन असते, तर तेथे बाबूरावांची वाटचाल कृतार्थ झाली असती. परंतु १९२५ च्या ‘सावकारी पाश’मध्ये, जमीन गमावून गिरणीच्या वाटेला लागलेल्या शेतकऱ्याच्या कथेत (ती भूमिका तरुण व्ही. शांतारामांची), अंधुक प्रकाशातील एक झोपडी आणि तिच्यापाशी रडणारे कुत्रे हे दृश्य पाहणाऱ्यांच्या स्मरणात पुढे कित्येक वर्षे राहिले. पडद्याचा बहुतेक भाग काळोखाला देऊन टाकण्याचे हे धैर्य छायाप्रकाश जाणणाऱ्या चित्रकाराचेच होय. हा काळोख डोळ्याला फसवीत नाही, त्याला कामाला लावतो; गहाणखत आणि जप्ती ज्याच्या घराने सोसली आहे, तो तेथे आपली स्मृती भरतो. चित्रकार मागे पडला नव्हता; पडदे रंगविण्याच्या जुन्या करारातून तो मोकळा झाला होता.

पुढील पल्ला झपाट्याने ओलांडता येतो. पंढरपुरात जन्मलेले, सिनेमाचे फलक रंगविणारे चित्रकार हुसेन १९६७ मध्ये ‘थ्रू द आइज ऑफ अ पेंटर’ हा लघुपट करतात, आणि त्यात वस्तूंशेजारी वस्तू ठेवून अर्थ जोडण्याचे काम पाहणाऱ्यावर सोपवितात. मुंबईत अकबर पदमसींनी उभारलेल्या कार्यशाळेत नलिनी मालानी फिल्मकडे वळतात. पुढे त्यांच्या छायानाट्यांत रंगविलेले पारदर्शक दंडगोल फिरत राहतात, त्यांतून जाणाऱ्या प्रकाशाच्या सावल्या भिंतीवर पडतात, आणि आपण दंडगोलही पाहतो, सावलीही पाहतो. बाबूरावांशी त्यांचे नाव कोणी जोडीत नाही, पण वारसा तोच आहे. मराठवाड्यातील जत्रेत फिरत्या सिनेमाच्या तंबूतही मालमोटारीवरील यंत्र पाहूनच माणसे आत जात, आणि म्हणून त्यांचे रडणे काही कमी खरे ठरत नसे.

नव्या दालनांत यंत्र छतापाशी दडलेले असते, आणि व्हॅन गॉगने कॅनव्हासवर उभे केलेले रंगांचे जाड थर प्रकाशात सपाट होऊन जातात. जालन्यात असे दालन काढण्याची तजवीज कोणी करणार असेल, तर प्रक्षेपक प्रेक्षकांच्या मधोमध उघडा ठेवावा, आणि २०१२-१३ च्या दुष्काळात ज्या जिल्ह्यात मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या, त्या जिल्ह्यातीलच एखाद्या चित्रकाराला त्यासाठी नवे काम सांगावे.